ड्रायव्हरला कोणी मारलं?

जुना कृष्णधवल रहस्यपट माणसानं एकट्यानं बघावा. मी तो रविवारी दुपारी, हॉलमध्ये, सासऱ्यांच्या शेजारी बसून लावला. आमचे अण्णा निवृत्त फौजदार. त्यांना वरणभातातसुद्धा संशयास्पद हालचाल दिसते.

सिनेमा होता 'द बिग स्लीप', १९४६ चा. हॉवर्ड हॉक्सचं दिग्दर्शन, पडद्यावर हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल. बायकोनं नाव फारच मनावर घेतलं आणि दहाव्या मिनिटाला दिवाणावर घोरू लागली.

सुरुवात बरी झाली. म्हातारा जनरल ऑर्किडच्या काचघरात पांघरूण लपेटून बसलाय आणि समोर खासगी गुप्तहेर मार्लो घामानं निथळतोय. अण्णांनी लग्नपत्रिकेचं एक पाकीट उलटं केलं, खिशातलं पेन काढलं आणि लिहिलं, 'फिर्यादी – जनरल.' माझ्या पोटात गोळा आला.

"हा मेला तो कोण?"

"गायगर. पुस्तकांच्या दुकानाआड भलते धंदे करायचा."

"मारला कोणी?"

"जनरलच्या ड्रायव्हरनं. त्याचा धाकट्या मुलीवर जीव होता."

"आणि हा ब्रोडी?"

मी तोंड उघडेपर्यंत ब्रोडीनं दार उघडलं आणि गोळी खाऊन आडवा झाला. अण्णांनी नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. "तो शॉन रीगन कुठाय? मघापासून सगळे त्याचंच नाव घेतायत."

"तो सिनेमात दिसतच नाही."

"फरारी," अण्णांनी नोंद केली.

आईची वेगळीच तक्रार. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "ती पुस्तकांच्या दुसऱ्या दुकानातली चष्मेवाली गोड होती रे. परत कधी येते?" येत नाही. डोरोथी मलोनला एवढा एकच प्रसंग आहे. "मग मेलीला चष्मा कशाला काढायला लावला?"

खरं सांगायचं तर मी हा सिनेमा सहा वेळा पाहिलाय आणि मला तो ब्रोडीपर्यंतच कळतो. पुढं मी फक्त बोगार्ट विचार करताना कानाची पाळी कशी ओढतो ते बघत बसतो. पण हे फौजदारासमोर कबूल कसं करायचं?

शेवटी व्हायचं तेच झालं. जनरलची पॅकार्ड गाडी लिडो धक्क्यापाशी समुद्रात सापडली होती आणि आत ड्रायव्हर, मेलेला. अण्णांचं पेन तिथंच अडलं होतं. "अकस्मात मृत्यू, आत्महत्या की खून?"

मग मी शरण गेलो. म्हटलं, अण्णा, हाच प्रश्न खुद्द सिनेमावाल्यांना पडला होता. पटकथेला तिघं जण. एक विल्यम फॉकनर, ज्याला पुढं नोबेल मिळालं. दुसरी ली ब्रॅकेट. तिची डिटेक्टिव्ह कादंबरी वाचून हॉक्सनं 'त्या ब्रॅकेटला' बोलावणं धाडलं, तर समोर तरुण मुलगी उभी! तिसरा ज्यूल्स फर्थमन. उत्तर कोणालाच सापडेना, तेव्हा १९३९ ची मूळ कादंबरी लिहिणाऱ्या रेमंड चँडलरला तार केली. तोही म्हणाला, मला माहीत नाही.

"फिर्यादीलाच माहीत नाही?"

"फिर्यादी नाही हो, लेखक."

"एकूण एकच."

इथं थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मला ज्ञान पाजळायची खोड. सांगून बसलो की परदेशातल्या अमेरिकी सैनिकांना १९४५ मध्ये याची आधीची प्रत दाखवली होती. त्यात सरकारी वकिलाच्या कचेरीत बसून मार्लो सगळा उलगडा करतो. पण बकॉलच्या नंतरच्या सिनेमावर समीक्षक तुटून पडले, तिच्या एजंटानं स्टुडिओप्रमुख जॅक वॉर्नरला पत्र लिहिलं आणि १९४६ च्या जानेवारीत तिचे प्रसंग वाढवून पुन्हा चित्रीकरण झालं. घोड्यांच्या शर्यतीच्या आडून बोगार्ट आणि बकॉलच्या चावट गप्पा आल्या आणि उलगडा गेला.

अण्णांनी चष्मा काढला. "म्हणजे जबाब फाडला आणि बाईचं काम वाढवलं?"

"त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं, अण्णा. लोकांना तेच बघायचं होतं."

"आमच्याकडे एवढ्यावर एकाची बदली झाली होती. गडचिरोलीला."

सिनेमा संपला. बायको उठली आणि चहा टाकायला गेली, तिच्याइतकं ताजंतवानं कोणीच नव्हतं. अण्णांनी पाकिटावर तळाशी लिहिलं, 'ए समरी. गुन्हा खरा, आरोपी मिळून येत नाही,' आणि खाली सही ठोकली.

रात्री निघताना मात्र ते जिन्यात थबकले. "जावईबापू, तो चँडलर हयात आहे का?"

"नाही, १९५९ मध्ये गेला."

अण्णांनी कठड्यावरचा हात काढला नाही. "नैसर्गिकच ना?"