पर्याय ड : माहीत नाही

पैशांचा विषय निघाला की मी मान डोलावते. नुसती नाही, त्यातही प्रकार आहेत, म्हणजे समोरचा "लिक्विडिटी" म्हणाला की हळू, "रिटर्न्स" म्हणाला की जरा जोरात, आणि "मार्केटचं सध्या काही खरं नाही" म्हणून त्याने सुस्कारा टाकला की आपणही एक टाकायचा. एवढ्या भांडवलावर माणूस चाळिशी आरामात गाठतो. कुणी उलटतपासणी घेत नाही, कारण समोरचाही बऱ्याचदा डोलावतच असतो असा मला दाट संशय आहे.

पण धाकट्या भावाने घोळ केला. तो या विषयातला, आणि त्याला मान डोलावलेली चालत नाही, उत्तर लागतं.

"ताई, तुझे पैसे कुठेयत?"

"बँकेत."

"अगं बँकेत कुठे?"

आता बँकेत कुठे म्हणजे काय, आत गेल्यावर डावीकडे? मला खरंच वाटायचं की बँकेत पैसे ठेवले की विषय संपला, ते आत एकमेकांना सांभाळून बसतात. तर म्हणे नाही, ते बचत खात्यात नुसते पडलेत आणि महागाई त्यांना रोज थोडं थोडं खातेय. "खातेय" हा शब्द त्याने इतक्या शांतपणे उच्चारला की मला रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की बास, आता शिकायचंच.

शिकायला बसलं की पहिल्यांदा व्हिडिओवाले भेटतात. त्यांच्यात दोन जाती. एक ओरडणारे, फोटोत तोंड उघडं, डोळे बाहेर, आणि मागे वर जाणारा लाल बाण. हे तुम्हाला सांगतात की विशीत सुरू केलं नसेल तर आता रडा. दुसरे समजूतदार, मंद संगीतवाले, "अगदी सोप्या भाषेत समजून घेऊया" म्हणतात आणि तिसऱ्या वाक्याला एक्सपेन्स रेशो काढतात. मग तो शोधायला जावं तर त्याच्या व्याख्येत ॲसेट मॅनेजमेंट, ते शोधावं तर तिथे एनएव्ही, असं करत करत मी शेवटी जिथे पोचले तिथे कुणीतरी पुन्हा एक्सपेन्स रेशोच लिहून ठेवला होता. (फंड म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवतात तो गल्ला, आणि तो सांभाळणारे आपल्या पैशातून दरवर्षी जे टक्के कापतात तो एक्सपेन्स रेशो. बस. एवढंच होतं. हे एका ओळीत सांगितलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं मला कळत नाही.)

त्यातच मला एक छोटी परीक्षा सापडली. ॲनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या दोन अर्थतज्ज्ञ बायकांनी 2004 मध्ये लोकांचं पैशांचं ज्ञान तपासायला तीन प्रश्न तयार केले आणि ते पुढे कितीतरी देशांत विचारले गेले. पहिला प्रश्न असा की खात्यात 100 आहेत, व्याज वर्षाला 2 टक्के, हात न लावता ठेवले तर 5 वर्षांनी किती होतील, 102 पेक्षा जास्त, बरोब्बर 102, की कमी? आता हे बघितल्यावर मला वाटलं, जास्त. लगेच दुसरा विचार आला की एवढं सोपं कसं असेल, अर्थतज्ज्ञ आहेत त्या, काहीतरी मेख असणार, टॅक्स असेल, छुपे चार्जेस असतील. आणि मी डोळे मिटून "माहीत नाही"वर टिक केली.

मेख नव्हती. पहिल्याच वर्षी 102 होतात, 5 वर्षांत 110 च्या थोडे वर. दुसरा प्रश्न, व्याज 1 टक्का आणि महागाई 2 टक्के तर वर्षानंतर तेवढ्या पैशात वस्तू जास्त येतील की कमी? कमी. (ही ती खाणारी बाई.) तिसरा, एकाच कंपनीचा शेअर हा अनेक कंपन्यांच्या फंडापेक्षा सहसा सुरक्षित असतो का? नसतो. सगळी उत्तरं मनात बरोबर, पेपरवर तिन्ही "माहीत नाही".

यावर मी स्वतःला ढ म्हणून मोकळी झाले असते, पण पुढे वाचलं तर कळलं की हा प्रकार माझ्या एकटीचा नाहीये. बऱ्याच देशांत बायका "माहीत नाही" हा पर्याय पुरुषांपेक्षा जास्त वेळा निवडतात. मग लुसार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये गंमत केली, तेच प्रश्न तो पर्यायच काढून टाकून विचारले, आता काहीतरी उत्तर द्यावंच लागणार, आणि त्याच बायकांनी बऱ्याचदा बरोबर उत्तरं दिली. त्यांच्या हिशोबाने बायका-पुरुषांतल्या फरकाचा साधारण एक तृतीयांश भाग ज्ञानाचा नसून आत्मविश्वासाचा होता. मी हे वाचून भावाला तावातावाने फोन केला. तो म्हणाला, "छान, म्हणजे आता तुला कारण नाही उरलं." भाऊ लोकांना आनंद वाटून घेता येत नाही.

मग म्हटलं होऊन जाऊदे, चक्रवाढ व्याजापासून सुरुवात. शाळेत हे सूत्र आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं, मुद्दल गुणिले एक अधिक दर भागिले शंभर आणि मग तो घात, आणि ते उदाहरणातल्या कुणा अ ने कुणा ब ला दिलेल्या पैशांसाठी वापरलेलं असतं. तो ब म्हणजे पुढे आपणच होणार आहोत हे तिथे कुणी सांगितलं नाही. मला सगळ्यात आवडला तो 72 चा नियम. व्याजाच्या दराने 72 ला भागायचं की पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतात ते येतं, 6 टक्के असेल तर 12 वर्षं, 8 असेल तर 9. हा नियम लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने 1494 मध्ये छापलेल्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथात ज्यात त्याने जमाखर्चाची दुहेरी नोंद पद्धत मांडली. म्हणजे ज्याने संसार सोडला त्याला पाचशे वर्षांपूर्वी येत होतं आणि मी संसारात गळ्यापर्यंत बुडालेली, मला परवा कळलं.

नियम हातात आल्यावर मी सुटलेच. दिसेल त्या दराने 72 ला भागत होते. मग तोच नियम महागाईला लावला, 6 टक्के महागाई तर 12 वर्षांत पैशाची ताकद निम्मी, आणि माझा चेहरा उतरला. मग क्रेडिट कार्डाकडे वळले आणि तिथे मला पाणी मागावं लागलं. कार्डवाले म्हणतात महिन्याला फक्त 3 टक्के. बाराने गुणलं तर 36 होतात हे कुणीही सांगेल, पण व्याजावर व्याज धरलं की वर्षाचे होतात 42.6. म्हणजे दोन वर्षांच्या आत दुप्पट! आणि त्यांच्या बिलावर ती एक गोंडस ओळ असते, मिनिमम अमाउंट ड्यू. किती मायाळू वाटते वाचायला, तुम्ही दमला असाल, एवढंच भरा. तेवढं भरलं की लेट फी लागत नाही हे खरं, पण उरलेल्यावर व्याजाचा मीटर चालू राहतो आणि सहसा नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. एवढी नम्र भाषा वापरून एवढं महाग कर्ज देणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

फ्लॅट रेटचंही तसंच. वर्षभराचं कर्ज 10 टक्के फ्लॅट म्हटलं की ऐकायला बरं वाटतं, पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो आणि व्याज मात्र पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर चाललेलं असतं, त्यामुळे घटत्या शिलकीवर मोजलं तर ते जवळपास 18 टक्क्यांना पडतं. कर्ज देणाऱ्या माणसाला मी फोनवर विचारलं, "रिड्युसिंगवर किती होतात?" पलीकडे एवढी शांतता पसरली की मला वाटलं लाईन कट झाली. माझ्या आयुष्यात मी कुणाला पैशांवरून गप्प केल्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि त्याची नशा मला आठवडाभर पुरली.

आता एवढं सगळं येतं म्हटल्यावर स्वतःचं स्टेटमेंट उघडून बघायला काय हरकत होती. पण नाही. दुसऱ्यांच्या काल्पनिक 100 चे मी घात काढत होते आणि स्वतःचं ॲप उघडायचं म्हटलं की मला अचानक कपाट आवरायची हुक्की यायची. यालाही शास्त्रीय नाव आहे, शहामृग परिणाम. 2009 मध्ये कार्लसन, लोवेनस्टाइन आणि सेप्पी या तिघांनी दाखवून दिलं की बाजार पडलेला असला की लोक आपली खाती कमी वेळा उघडून बघतात. शहामृगाचं जाता जाता सांगते, ते बिचारं वाळूत डोकं खुपसत नाही, जमिनीतल्या खळग्यात अंडी असतात ती चोचीने फिरवत असतं. म्हणजे आपण ज्याला पळपुटं म्हणतो ते प्रत्यक्षात आपल्या गुंतवणुकीची नियमित देखभाल करत असतं. आपलं डोकं मात्र खरंच वाळूत.

शेवटी उघडलं. काही झालं नाही. म्हणजे आकडा सुखद होता असं नाही, पण मनात मी जो धरून चालले होते तो त्याहून भयंकर होता, त्यामुळे एक प्रकारचा फायदाच झाल्यासारखं वाटलं. (ही पद्धत हिशोबात चालत नाही म्हणे.)

मग खर्चाची नोंद. भावाने शीट बनवून दिली, घर, प्रवास, औषधं, शिक्षण, आणि शेवटी "इतर". महिनाअखेर सगळ्यात मोठा आकडा "इतर"चा. तो म्हणाला फोड कर, मी फोड केली, तर "इतर - किरकोळ" आणि "इतर - आठवत नाही" असे दोन निघाले. रिचर्ड थेलरने सांगितलंय की आपण डोक्यात पैशांचे वेगवेगळे डबे करून ठेवतो, पगाराचा पैसा जपून, बक्षिसाचा उधळून, जणू दोन्हीची किंमत वेगळी. त्याला 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्या पैशाचं काय करणार विचारल्यावर तो म्हणाला की शक्य तितक्या अविचाराने खर्च करणार! मी हे वाक्य भावाला पाठवलं. त्याने उत्तरादाखल परत ती शीटच पाठवली.

शिलकीसाठी मात्र त्याने सांगितलेलं एक मी मुकाट्याने केलं, पगार झाला की दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल असं लावून दिलं. आधी तिथे तीन ते सहा महिन्यांचा खर्च साठवायचा, अडीअडचणीसाठी, आणि मग पुढचं. माझी इच्छाशक्ती कुठेच मध्ये येत नाही हा त्यातला सगळ्यात भारी भाग, कारण ती आली असती तर "इतर"मध्येच गेली असती.

पुढचं म्हणजे शेअर बाजार. त्याचं मला सगळ्यात जास्त भय, कारण इथे आयझॅक न्यूटन बुडालाय. 1720 मध्ये साऊथ सी कंपनीच्या फुग्यात. गुरुत्वाकर्षण ज्याला कळलं त्याला वर गेलेला भाव खाली येईल हे कळलं नाही आणि मी तिथे काय दिवे लावणार. भाव 50 टक्के पडला आणि मग 50 टक्के चढला तर झालं ना समान, असं मी भावाला आत्मविश्वासाने म्हणाले, तर त्याने 100 चे 50 आणि 50 चे 75 करून दाखवले. पडताना टक्के मोठ्या रकमेचे, चढताना छोट्या.

तरी एका माणसाने मला धीर दिला, हॅरी मार्कोविट्झ. याने 1952 मध्ये सगळी अंडी एका टोपलीत का ठेवू नयेत याचं गणित मांडलं, 1990 मध्ये नोबेल घेतलं. आणि स्वतःच्या निवृत्तीचे पैसे गुंतवायची वेळ आली तेव्हा? स्वतःची समीकरणं बाजूला ठेवून अर्धे शेअर्समध्ये, अर्धे बाँड्समध्ये, म्हणजे कर्जरोख्यांत टाकले, नंतर पस्तावा नको म्हणून. म्हणजे तिथेही शेवटी घाबरून निम्मं निम्मं. मला तो माणूस फार आपला वाटला.

त्या जोरावर मी एका फंडाचा फॉर्म भरायला घेतला. त्यात जोखीम घ्यायची तुमची तयारी किती हे तपासायला एक प्रश्नावली असते. बाजार 20 टक्के कोसळला तर तुम्ही काय कराल? अ, सगळं विकेन. ब, थोडं विकेन. क, काही करणार नाही. ड, आणखी खरेदी करेन. "माहीत नाही" पर्यायच नव्हता, मी खाली वर करून तीनदा बघितलं. रडेन, भावाला फोन करेन, कपाट आवरेन, यातलंही काही दिलेलं नव्हतं. मग मी खूप विचार करून क वर टिक केली, पुढचे प्रश्नही असेच धकवले, आणि शेवटी स्क्रीनवर रंगीत मीटर फिरून माझा निकाल आला, आपण मध्यम आक्रमक आहात.

मी तो मोठ्या आवाजात घरात वाचून दाखवला.

नवरा पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, "मध्यम?"