प्रतिक्रियेला उत्तर: कंबर बरी झाली, आता दुसऱ्यांना शिकवू का?

ताई, तुमचा राग समजला. "वर्षानुवर्षं कंबर धरून जगलेल्याला दुखणं कळतं, तेवढं पुस्तकवाल्यांना कळत नाही. तुम्ही मात्र प्रशिक्षणाच्या अटी घालून आमच्यासारख्यांना दारातच अडवता," असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला गुण आलेला व्यायाम रावेरकडे केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांना शिकवायला लागल्याचंही लिहिलंय: पालथं झोपायचं, हातांवर छाती उचलायची, कंबर सैल सोडायची, दहा वेळा.

दुखणं कळतं हे मान्य. पण कोणाचं? वाकल्यावर, बराच वेळ बसल्यावर दुखतं आणि मागे झुकलं की हलकं वाटतं, अशा कंबरेला हा व्यायाम बऱ्याचदा मानवतो. तुमची बहुधा तशीच असावी. आता साठीपुढचा एखादा गडी सांगतो, "बांधापर्यंत चाललं की पोटऱ्या भरून येतात, खाली बसलं की मोकळं होतं, सायकलवर काहीच त्रास नाही." त्याच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असू शकते, आणि मागे झुकल्यावर ती आणखी आवळते. त्याला छाती उचलायला लावली, तर पायातल्या मुंग्या वाढायचीच शक्यता जास्त. त्याला उताणं झोपून गुडघे पोटाशी घेणं बरं वाटेल. तक्रार दोघांचीही एकच: कंबर दुखते.

म्हणून आधी विचारा: कशानं वाढतं, कशानं उतरतं, पायात कुठवर जातं? मग एकच हालचाल हळूहळू दहा वेळा करून घ्या. कळ पायातून वर कंबरेकडे सरकली, तर कंबर थोडी जास्त ठणकली तरी दिशा बरोबर आहे. कळ गुडघ्याखाली उतरू लागली तर तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच असेल, तर मात्रा जास्त झाली.

लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं: यांपैकी काही दिसलं तर व्यायाम नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप, विनाकारण उतरलेलं वजन, पूर्वीचा कर्करोग, म्हातारपणी पडल्यानंतरचं दुखणं, यांतही आधी डॉक्टर. "मणक्यातली गादी सरकली" असं कुणाला आपणहून सांगू नका. माणूस वाकायलाच घाबरतो आणि तेच आखडणं पुढं दुखत राहतं.

आता प्रशिक्षणाच्या अटींचं. सावकाश, लक्ष देऊन केलेल्या हालचालींतून शरीर वापरायला शिकवणारी फेल्डेनक्राइस पद्धत आहे, तिचं प्रशिक्षण साधारण 800 तासांचं, तीन-चार वर्षांत विभागलेलं. उठण्या-बसण्याच्या, उभं राहण्याच्या सवयी सुधारायला शिकवणाऱ्या अलेक्झांडर तंत्राचं 1600 तासांचं. यात दुसऱ्याचं शरीर पाहायलाही शिकावं लागतं. फेल्डेनक्राइसमधला कमरेच्या घड्याळाचा धडा घ्या. उताणं, गुडघे वर, तळवे जमिनीवर. बेंबीकडे बारा, माकडहाडाकडे सहा. बाराकडे कलताना कंबर जमिनीला टेकते, सहाकडे कलताना उचलते. सांगायला दोन मिनिटं लागतात. पण शिकणारा पोट आवळतो, श्वास धरतो, पायांनी जमीन रेटतो, आणि बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं. ते ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. ओळखलं की "जोर लावू नका" म्हणून भागत नाही, हालचाल निम्मी करायला सांगा. शहाणी माणसंही इथे आकडा वाढवायला बघतात!

हे प्रशिक्षण घेतलं तरी पाटीवर 'फिजिओथेरपिस्ट' लिहू नका. तो पदवी आणि नोंदणीचा व्यवसाय आहे, आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्यात त्याचा समावेश आहे.

तोवर मजुरांना उपयोगी पडेल असं एक सांगता येईल. रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणं त्यांना जड जातं. त्यामुळे कापूस वेचणीला पहाटे जाणाऱ्या बायांनी शेतापर्यंत चालत जावं, खालची बोंडं सुरुवातीला सोडून छातीच्या उंचीवरची आधी वेचावीत, आणि कंबरेची ओटी गच्च भरायच्या आत रिकामी करावी. मुकादम कुरकुर करेल, तर त्याच्याशी बोलायचं काम तुम्ही घ्या.