रानडुकरासाठी कुंपणात फेज सोडू नका

"रानडुक्कर उपद्रवी जाहीर. मारायला परवानगी नको. कुंपणाला करंट सोडा, दोन हंगामांत कळप संपतील. मांसही आपलंच." हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला आणि माझ्या भावाने लगेच वायरचा भाव विचारला. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी करंट, कारण यात माणसं मरतात. आकडा टाकून सोडलेला 230 व्होल्टचा प्रवाह सलग वाहतो. स्नायू आखडतात, तार हातातून सुटत नाही. ओल्या धुऱ्यावर रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही त्यात अडकतो. 2017 साली नागभीड भागात 'जय' वाघाचा बछडा श्रीनिवास शेतातल्या अशाच तारेने मेला. वर वीजचोरी आणि माणूस गेला तर मनुष्यवधाचा गुन्हा.

कुंपणाच्या तारेला जोडायची झटका मशीन ही वेगळी वस्तू आहे. 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते. ठोका हजारो व्होल्टचा, पण सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा, आणि साधारण सेकंदाला एकच. मधल्या वेळात अंग सुटतं. सगळ्यांत खालची तार जमिनीपासून 15 ते 20 सेंटिमीटरवर हवी, म्हणजे ती थेट डुकराच्या नाकाला लागते. वर आणखी दोन. गुडघ्याएवढ्या उंचीवर एकच तार ओढली तर डुक्कर खालून मुसंडी मारून आत शिरतं. तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणून तिच्याखालची पट्टी सतत साफ ठेवावी लागते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सुकते आणि मशीन टिकटिकत असूनही झटका लागत नाही. सळई खोल ठोका, तिथे पाणी ओता.

"दोन हंगामांत संपतील" हे कशावरून? युरोपातल्या 18 देशांच्या तीस वर्षांच्या आकडेवारीचा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. हौशी शिकार रानडुकरांची वाढ रोखायला पुरी पडत नाही, हा त्याचा निष्कर्ष. तिथे शिकारी परवानाधारक, बंदुका चांगल्या, तरीही. डुकरीण सुमारे चार महिन्यांत विते, एका वेताला 4 ते 6 पिल्लं देते. एकटा फिरणारा मोठा नर मारून फोटो निघतो, कळप तेवढाच राहतो.

"उपद्रवी" केंद्र सरकार ठरवतं, वन्यजीव कायद्याच्या कलम 62 खाली, ठरावीक भागापुरतं आणि मुदतीपुरतं. 2015 साली बिहारमध्ये, 2016 साली उत्तराखंडमध्ये तसं झालं होतं. मेसेजमध्ये ना अधिसूचनेचा क्रमांक, ना जिल्हा.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायची लेखी परवानगी कलम 11 खाली खरोखर मिळू शकते. अर्ज रेंगाळतो आणि तोवर भुईमूग उकरून होतो, हा राग रास्तच आहे. पण परवानगी असली तरी गोळी मचाणावरून खाली, जनावराच्या मागे माती दिसत असतानाच झाडायची. उसात काहीतरी हललं म्हणून नव्हे. आणि परवानगीने मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं, ते वनखात्याच्या ताब्यात द्यावं लागतं. घरी शिजवलं तर तो स्वतंत्र गुन्हा.