देवनागरी म्हणजे हिंदीच का रे?
होमस्टे बुकिंगच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल मराठी-इंग्रजी दोन्हीत, आणि फाइल उघडली की दर वेळी स्पेलचेकरच्या रेघांनी अख्खं पान लाल! लिपी तीच असली तरी मजकुराला भाषा वेगळी नेमून द्यावी लागते, ती मी देतो, मग गुहागरहून कोणीतरी कुठून तरी कॉपी-पेस्ट करतं की परत सगळं हिंदी. बरं, मराठी लावली तरी 'खोल्यांमधल्यांनासुद्धा' चूक, कारण अ‍ॅफिक्स फाइलीत प्रत्ययांचे नियमच धड नसतील तर डिक्शनरीत 'खोली' असून उपयोग काय डोंबलाचा? हनस्पेलला, म्हणजे शुद्धलेखन तपासणाऱ्या त्या प्रोग्रामला, स्वल्पविराम टाकून दोन डिक्शनऱ्या एकदम देता येतात, दिल्या, तर आता कमांडची नावं लाल. आणि या गर्दीत 'वेळणेश्वर'चं 'वेळनेश्वर' झालेलं, ती खरी चूक, आरामात छापून जाते! त्यात आत्ता लाइट गेली.