टीव्ही इकडे, डबा तिकडे

टीव्हीच्या भिंतीवर लाकडी पट्ट्या कुठल्या आणि मागचा दिवा पिवळा की पांढरा, यावरून घरात अबोला धरला जातो. सेट-टॉप बॉक्स, गेमचा डबा आणि कॉम्प्युटर खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, कपाटात गेलेत, तर चित्र टीव्हीपर्यंत पोचणार कसं, हा प्रश्न मात्र रंग सुकल्यावर पडतो.

मग येते पंधरा मीटरची एचडीएमआय केबल. भिंतीतला पाइप 20 मिमीचा, आतून त्याहूनही अरुंद, आणि केबलचं डोकं साधारण 20 मिमी. इलेक्ट्रिशियन आधी पाइपाकडे बघतो, मग केबलकडे, मग तुमच्याकडे. समजा गेलीच, तरी साधी तांब्याची केबल 4के 60चं (4के, सेकंदाला 60 फ्रेमचं) चित्र पाच-सात मीटरपुढे भरवशाने नेत नाही. आधी पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, मग मॅचच्या शेवटच्या षटकात पडदाच काळा.

म्हणून एक्स्टेंडर. दोन डबे, एक कपाटात, एक टीव्हीमागे, आणि मध्ये एकच कॅट-6, म्हणजे इंटरनेटसाठी वापरतात ती नेटवर्कची तार. ती पाइपातून सहज जाते, कारण तिचं डोकं नंतर बसवता येतं. खोक्यावर ‘4के’ आणि ‘70 मीटर’ ठळक छापलेलं असतं, अटी मुंगीच्या अक्षरांत. एचडीबेसटी (अशा तारेतून चित्र नेण्याचं एक तंत्र) 2.0 जातीचा डबा सेकंदाला 10.2 गिगाबिट नेतो. 4के 60 पूर्ण रंगात हवं तर लागतात 18. म्हणजे रंगांत कुठेतरी काटछाट आलीच. मालिका बघायला ती चालते, कॉम्प्युटरवरची बारीक लाल अक्षरं मात्र फिसकटतात. काटछाट नको असेल तर एचडीबेसटी 3.0 घ्या. एचडीसीपी 2.2 (कॉपी-संरक्षित 4के चित्र दाखवायला लागणारं कुलूप) लिहिलेलं नसेल तर तो डबा दुकानातच राहू द्या.

माझा खरा राग मात्र डब्यावर नाही, तारेवर आहे. दुकानदार ‘कॉपर’ म्हणून देतो ते बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. तारेचं टोक ब्लेडने खरवडा; आत पांढरं दिसलं की परत करा. एकाच अडॅप्टरवर दोन्ही डबे चालत असतील, तर वीजही याच तारेतून जाते. ॲल्युमिनियममध्ये व्होल्टेज घटतं आणि पलीकडचा डबा मधूनमधून मान टाकतो. 23 गेजची (जाडीचं माप) भरीव तार घ्या, मध्ये जोड नको.

क्रिंपिंग, म्हणजे तारेला डोकं दाबून बसवणं, दोन्ही टोकांना टी568बी या ठरलेल्या रंगक्रमाने: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ‘दोन्हीकडे सेम आहे ना साहेब, चालतंय’ म्हणत मनाने लावलेल्या क्रमावरही टेस्टरचे आठही दिवे लागतात. पण एकमेकींना पीळ दिलेल्या तारांच्या जोड्या फुटलेल्या असतात, त्यामुळे चित्र येत नाही. आणि भोक तेच दिसतं म्हणून ही तार राउटरला किंवा स्विचला लावू नका. पीओई (तारेतून वीजही पुरवणारा) स्विच असला तर डबा जळूही शकतो.

बसवताना टीव्हीमागचा डबा एचडीएमआयच्या पिनेवर लोंबकळत ठेवायचा नाही. त्याला कान असतील तर स्क्रू, नसतील तर वेल्क्रो. टीव्हीच्या जाळीवर चिकटवू नका, डबा स्वतःच तापतो. मागे फूटभर तार गुंडाळून सोडा, पण वळण अडीच सेंटिमीटरपेक्षा घट्ट नको. विजेच्या वायरी वेगळ्या पाइपात.

राहिला रिमोट. डब्यांसोबत दोन बारीक तारा येतात: रिमोटचा इशारा पकडणारा डोळा टीव्हीच्या कडेला, तो इशारा पुढे देणारा दिवा कपाटातल्या बॉक्ससमोर. दोघींची पिन सारखीच, 3.5 मिमीची. अदलाबदल झाली की चित्र झकास, पण चॅनल बदलायला उठून कपाट उघडायचं.