आठ तासांचा दिवा अकरा मिनिटांत गेला

अकरा मिनिटं. घड्याळात बघितलंय मी, अंदाजानं बोलत नाही. परवा संध्याकाळी वळीव आला, वारं सुटलं, पत्रे वाजायला लागले आणि सव्वासातला लाइट गेली, तरी मी निवांत होते कारण घरात दिवा होता. गेल्या जूनमध्ये रोख 749 रुपये मोजून घेतलेला, खोक्यावर ‘8 तास बॅकअप’ असं बोटाएवढ्या अक्षरात छापलेलं. दर महिन्याच्या एक तारखेला मी तो चार्जिंगला लावायची, फुल्ल करायची आणि परत माळ्यावरच्या पेटीत ठेवायची. पोरं अभ्यासाला मागत होती तरी दिला नाही, अडीनडीचा आहे म्हणून. तो काढला, ओट्यावर ठेवला, पहिली भाकरी तव्यावर टाकली, दुसरी थापायला घेतली आणि उजेड मंद व्हायला लागला, काजव्याएवढा झाला आणि गेला. पिठानं माखलेले हात, शेजारी आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीला धरून उभ्या, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना पण झाला नाही, आणि धाकटा पाण्याची कळशी कलंडून त्यातच घसरला. लाइट आली रात्री दीडला.

दुसऱ्या दिवशी दिवा, खोकं, पावती सगळं पिशवीत घालून दुकानात गेले. काउंटरवरच्या पोरानं दिवा हातात पण घेतला नाही. ‘मॅडम, सहा महिन्यांची वॉरंटी होती, संपली.’ बरं म्हटलं, वॉरंटी राहू दे, नुसती आतली बॅटरी बदलून दे, मी पैसे देते. ‘बॅटरी सुटी येत नाही ह्याची.’ मग दुरुस्त कुठं होतंय? ‘हे दुरुस्त होत नसतंय मॅडम. टाकायचं आणि नवीन घ्यायचं. हे बघा, नवीन मॉडेल आलंय, 12 तास, 899.’ आणि त्यानं जो काढून दाखवला तो तस्साच दिवा. तेच बटण, तीच दांडी, फक्त निळ्याच्या जागी हिरवा आणि 8 च्या जागी 12. मी विचारलं, बारा तास चालतो हे तू स्वतः लावून बघितलंयस का? पोरगा गप्प. तर आतून मालक म्हणतोय, ‘अहो ताई, एवढी लाइट जाते कुठं आता? कधीतर तास-दोन तास जाणार, त्याला मोबाइलची बॅटरी पुरते की.’

एवढी लाइट जाते कुठं!

कोल्हापुरात दुकान टाकून बसलेला माणूस हे बोलतोय. 2019 च्या ऑगस्टमध्ये हा कुठं होता? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फूट म्हणजे धोका, हे इथल्या बालवाडीतल्या पोराला पण पाठ असतंय, आणि त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमच्या शुक्रवार पेठेत तळमजले गेले, आम्ही माडीवर बसून खाली स्वतःचं सिलिंडर तरंगताना बघितलं. लाइट नाही म्हणून मोबाइल मेला, मोबाइल मेला म्हणून माझ्या आईला तीन दिवस कळलं नाही आम्ही जिवंत आहे का नाही. शिरोलीजवळ हायवे पाण्यात, जवळजवळ आठवडाभर ट्रक तिकडंच अडकून, दूध नाही, भाजी नाही, पेट्रोल अत्यावश्यक गाड्यांनाच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नदी जिन्याच्या पायरीला लागलेली आणि नळाला थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. लेकराला वाटीनं पाणी मोजून दिलंय मी. 2021 च्या जुलैत परत तेच, परत हायवे बंद, परत अंधार. आणि हा मला सांगतोय मोबाइलची बॅटरी पुरते.

मला राग कशाचा येतो सांगू का? ते 749 रुपये आमच्याकडं वर पडलेले नव्हते. आमचे हे शिरोलीला फौंड्रीत आहेत, घरात पाच माणसं, त्यातनं मी महिन्याला 500 रुपये बाजूला काढते, ओव्हरटाइम झाला तर 700, आणि त्या पैशाला मी बाकी कशालाच हात लावत नाही. दिवाळीत साडी घेतली नाही पण पुरासाठीची पेटी भरली. एका महिन्यात वीस लिटरचे दोन कॅन, दुसऱ्या महिन्यात डाळ-तांदूळ, तिसऱ्या महिन्यात औषधं, क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएस, असं करत करत दीड वर्ष लागलं. हिशेब साधा आहे. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी चार लिटर धरलं तर पाच माणसांना दिवसाला वीस, सात दिवसांना 140 लिटर. कॅनमध्ये चाळीस, राहिलेल्या शंभराला ड्रम. बातम्यांत राधानगरी धरणाचा तीन नंबरचा, सहा नंबरचा दरवाजा उघडला असं आलं की मी ड्रम घासून भरून ठेवते. लोक स्टेटसला टाकायला नदीवर पाणी बघायला जातात तेव्हा मी माडीवर कळश्या वाहत असते.

पहिल्या ड्रमची पण वेगळी कथा. निळा ड्रम घेतला, विकणारा शपथेवर म्हणाला खायच्या मालाचा आहे, शरबताचा. घरी आणून झाकण काढलं तर असला उग्र वास की डोळ्यांत पाणी. राखेनं घासला, सोड्यानं धुतला, चार दिवस उन्हात ठेवला, वास जाईना. परत न्यायला गेले तर म्हणतोय वापरलेला माल परत घेत नाही. केमिकलचा ड्रम होता तो, त्यात आधी काय होतं कुणाला माहीत, आणि तो हा माणूस लोकांना पिण्याच्या पाण्यासाठी विकत होता. 450 रुपये गेले. आता त्यात मी गच्चीवर माती भरून आळू लावणार होते, तर आत्ती म्हणाल्या त्यातलं आळू पण खायचं नाही. बरोबर आहे त्यांचं.

आणि घरच्यांवर पण राग आहे माझा, लपवत नाही. आमच्याकडं तांब्याचा बंब होता. आत्तींच्या लग्नातला. खाली चार शेणी-चिपाडं घातली की पाच माणसांची अंघोळ व्हायची. गिझर बसवला त्या वर्षी ह्यांनी तो मोडीत घातला, मला न विचारता, दोन हजारात. जातं दिलं, पाटा दिला, चूल फोडली. मागच्या अंगणात आड होता, तो बुजवून वर फरशी घातली आणि आता तिथं दिराची बुलेट उभी असते. मान्य आहे, पुरात आडाचं पाणी प्यायचं नसतंय, पण संडासला, फरशी पुसायला, चिखल काढायला तरी असतं की, पाणी ओसरल्यावर घरात वीतभर गाळ असतो तेव्हा टँकरच्या पाण्यानं घर धुवायचं का? रेशनवरचं रॉकेल बंद झालं, तर कंदील कोरडा खुंटीला लटकतोय. एकेक करून सगळं गेलं, आणि त्याच्या जागी जे आलं ते वायरवर चालणारं, आणि ती वायर एका वळवात तुटते.

वरच्या वहिनींचं बोलू का नको कळत नाही, पण बोलतेच. गेल्या महिन्यात हळदी-कुंकवाला बारा बायकांसमोर म्हणाल्या, ‘ह्यांच्या माळ्यावर अख्खं दुकान आहे हो, ह्या महापुराची वाट बघत बसलेल्या असतात.’ सगळ्या हसल्या. मी वाट बघते? त्या पाण्यानं माझ्या मोठ्याची दहावीची वह्या-पुस्तकं नेली, शिलाई मशीन गंजवलं, आणि मी वाट बघते? आणि परवा लाइट गेल्यावर पहिला दरवाजा कुणी वाजवला तर ह्याच वहिनींनी, मेणबत्ती आहे का म्हणून. दिली. दोन दिल्या, काड्यापेटी पण दिली, कारण त्यांच्याकडची सादळलेली होती. देण्याबद्दल माझी कधीच तक्रार नाही, 2019 ला पण आमच्या भगुण्यातली खिचडी तीन घरांत गेलीय. पण मग लोकांसमोर हसायचं नाही. निदान एक काड्यापेटी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायला काय पैसे पडत नाहीत.

व्हिडिओवाले तर डोक्यातच जातात माझ्या. घरातली आणीबाणीची तयारी म्हणून बघायला जावं तर कोण कुठला मनुष्य त्याच्या तळघरात उभा राहून पंचवीस वर्षं टिकणारी जेवणाची पाकिटं दाखवतोय आणि आपले मराठीतले लोक तेच बघून आपल्याला लाखाचं सोलर घ्यायला सांगतायत. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्यानं सोलर कुठं लावायचं? पंचवीस वर्षं कुणाला पाहिजेत, आम्हाला ऑगस्टचा एक आठवडा काढायचा असतो. तो आत्तींच्या सांडग्यांवर निघतो. वाळवलेले सांडगे, पापड, कांदा-लसूण चटणी, शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, मेतकूट. ह्यातलं निम्मं न शिजवता खाता येतं, हे महत्त्वाचं, कारण गॅस संपला किंवा सिलिंडर पाण्यात गेला तर डाळ-तांदूळ नुसता बघत बसायचा. तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला, तूरडाळीला एरंडेल, पोरकिडा लागत नाही. ज्वारीचं पीठ साठवू नका, कडू होतंय, ज्वारी ठेवा, आणि दळायचं कुठं विचाराल तर तेच म्हणतेय, जातं मोडीत दिलं! कुणी ह्याचा व्हिडिओ करत नाही कारण ह्यात विकायला काही नाही.

किराण्याचं तर सांगतच नाही, लिटरभर तेल म्हणून पाकीट उचलावं तर बारीक अक्षरात 750 ग्रॅम.

तर दिवा. मी तो टाकला नाही. आमच्याकडं मागच्या बोळात एक रेडिओ दुरुस्तीवाले काका आहेत, सत्तरी ओलांडलेली, त्यांच्याकडं नेला. काकांनी उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, ‘ह्याला स्क्रूच ठेवलेला नाही, सगळं चिकटवलंय.’ म्हणजे उघडायचाच नाही असाच बनवलाय. त्यांनी पातळ पात्याची धार कडेनं फिरवत फिरवत, न फोडता, कव्हर काढलं. आत एवढ्या मोठ्या दिव्यात अंगठ्याएवढा एकच सेल. बाकी पोकळ. वजन वाटावं म्हणून खाली लोखंडाची पट्टी घातलेली. ती पट्टी हातात घेतल्यावर माझं डोकं फिरलं, कारण दुकानात मी तो हातात तोलून ‘चांगला जड आहे’ म्हणून घेतला होता.

काकांनी अजून एक सांगितलं ते कुणीच सांगितलं नव्हतं. हे लिथियमचे सेल फुल्ल भरून गरम जागी ठेवायचे नसतात. निम्मे भरून गार जागेत ठेवायचे, पावसाळा तोंडावर आला की मग फुल्ल करायचे. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या फुल्लच ठेवाव्या लागायच्या, ह्यांचं उलटं. आणि मी वर्षभर इमानेइतबारे दर एक तारखेला फुल्ल करून माळ्यावर, पत्र्याच्या बरोबर खाली ठेवत होते. एप्रिलमध्ये तिथं हात ठेववत नाही. खोक्यावर पाच भाषांत ‘सुपर ब्राइट’ छापायला जागा होती, ही एक ओळ छापायला जागा नव्हती? आणि ते ‘8 तास’ कशावर, तर दिव्याला तीन उजेड आहेत त्यातल्या सगळ्यात मंद उजेडावर, नवा असताना. त्या उजेडात तवा पण दिसत नाही.

नवीन सेल चांगल्यातला 220, काकांची मजुरी 50. वीस मिनिटांत झालं. दुकानदार म्हणत होता होत नसतंय. काकांनी कव्हर परत चिकटवलं नाही, चार बारीक स्क्रू मारून दिले, पुढच्या वेळी तुमचं तुम्ही उघडा म्हणाले. त्यांचा मुलगा पुण्याला गेलाय, हे काम शिकायला कुणी येत नाही, पुढच्या वेळी काका असतील का दुकान असेल काय माहीत, म्हणून मी मोबाइलवर सगळं शूटिंग करून आणलंय, कुठनं धार लावायची ते पण.

काल रात्री मधल्या उजेडावर लावून ठेवला आणि घड्याळ घेऊन बसले. पाच तास चाळीस मिनिटं.

वडिलांची तीन सेलची स्टीलची बॅटरी पण काढलीय माहेरहून, सेल बाहेर काढून ठेवलेत, आत ठेवले की पाझरतात. आणि तो जुना सेल, लोखंडाची पट्टी आणि पावती एका पिशवीत घातलंय. शनिवारी संध्याकाळी त्या दुकानात गर्दी असते. तेव्हाच जाणार आहे, पट्टी काउंटरवर ठेवणार आहे आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारणार आहे, हे कशाला घातलंय सांगा.