घरं कुणाच्या नावावर?

नवीन महाबळेश्वर या गिरिस्थानाच्या प्रकल्पावरून आमच्या जावळीत दोन तट पडलेत. राज्य रस्ते विकास महामंडळाच्या या योजनेत सुरुवातीला सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतली २३५ गावं धरली होती. एक बाजू म्हणते, रस्ते येतील, हॉटेलं येतील, पोरांना माथाडीकामाला मुंबई गाठावी लागणार नाही. दुसरी म्हणते, जंगल तुटेल, झरे आटतील, डोंगर खचतील. मला दोघांचंही पटतं. पण पर्यटन आल्यावर गावातली घरं कुणाच्या नावावर असतील, हे कुणीच विचारत नाही.

मी आता राहतो ते सेंट आइव्हज हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधलं जुनं कोळ्यांचं बंदर. एकेकाळी इथे पिलचर्ड म्हणजे आपल्या तारलीच्या जातीची मासळी खारवून परदेशी जायची. १८७७मध्ये रेल्वे आली, पुढे चित्रकार आले, १९९३मध्ये टेट हे कलादालन उघडलं. धंद्याच्या बाजूने पाहिलं तर गावाचं सोनं झालं.

बंदरालगतच्या जुन्या वस्तीतून जरा फिरून या. कोळ्यांची दगडी, बुटकी घरं. एकामागून एक प्रत्येक दाराशेजारी आकडे जुळवून उघडायची किल्लीची छोटी पेटी. शनिवारी सकाळी एक पाहुणा जातो, सफाईवाल्या बाया चादरींचे गठ्ठे घेऊन येतात, संध्याकाळी दुसरा पाहुणा हजर. जानेवारीत त्याच गल्लीत बहुतेक खिडक्या अंधारात. हॉटेलात राबणारी पोरं मात्र हेल, कॅम्बोर्न या आसपासच्या गावांहून बसने येतात, कारण इथल्या पगारात इथलं घर परवडत नाही.

२०१६मध्ये गावाने मतदान घेतलं. ८० टक्क्यांहून जास्त मतं एका बाजूला पडली : नवं घर फक्त कायम राहणाऱ्यालाच. एक वास्तुविशारद कंपनी याविरुद्ध कोर्टात गेली आणि हरली. पण नियम नव्या घरांपुरताच होता, म्हणून सुट्टीचं घर हवं असलेले जुन्या घरांकडे वळले. एप्रिल २०२५पासून कॉर्नवॉलमध्ये दुसऱ्या घराला स्थानिक कर दुप्पट झालाय. हे सगळं घरं हातची गेल्यावर.

आपल्याकडे अजून वेळ आहे. बामणोली, तापोळ्याच्या बोटी गावकऱ्यांच्याच आहेत. कासला पठाराखालच्या गावांची समिती तिकीट फाडते, फुलांची राखण करते. कोयना धरणात आपल्या माणसांची शेतं बुडाली, त्याच धरणाच्या शिवसागर जलाशयावर आज त्यांची पोरं बोट चालवतात. हा हक्क त्यांनी कष्टाने मिळवलाय. मात्र गुंठ्याचा भाव सांगत एजंट वाड्यावस्त्यांपर्यंत पोचलेत. कर्ज, मुलीचं लग्न, दवाखाना असली की सातबारा हातातून जायला वेळ लागत नाही. विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो.

म्हणून ग्रामसभांनी हरकती घेताना झाडं आणि पाण्याबरोबर हेही मागावं : जमीन विकत नको, ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने, घरगुती निवासाचा परवाना गावात राहणाऱ्यालाच, आणि गावठाणाच्या वाढीव जागेतला मोठा वाटा तिथल्याच तरुण जोडप्यांच्या घरांसाठी. आराखडा पक्का होण्याआधी हे लेखी झालं पाहिजे. मुंबईला गेलेल्या आमच्या मंडळींनीही गणपतीला गावी आल्यावर हा ठराव मांडावा. त्यांची नावं अजून सातबाऱ्यावर आहेत.